रिकाम्या गावातला पंप

आमच्या गावच्या घरात, माजघरात, इन्व्हर्टरच्या शेजारच्या फळीवर एक काळी पेटी आहे. जेवणाच्या डब्याएवढी. पुण्यात मी ज्या कंपनीत काम करते तिथल्या यंत्रांपुढे ती म्हणजे खेळणं. पण आहे सर्व्हरच. मीच नेऊन बसवली. वडील गेल्यावर आई म्हणाली की ती गावातच राहणार, दादा म्हणाला की ती मुंबईला त्याच्याकडे येणार, आई म्हणाली जीव गेला तरी येणार नाही, आणि मग दोघंही माझ्या तोंडाकडे बघत बसले. आमच्या घरात मधली वाट काढायचं काम कायम माझ्या गळ्यात पडतं. मला त्याची चीड येते, पण जमतं बाई मला ते.

ती मधली वाट म्हणजे ही पेटी. स्वयंपाकघरातला दिवा कधी लागला, विहिरीवरचा पंप कधी चालला, न्हाणीघरावरच्या टाकीत पाणी किती आहे, एवढं ती बघते आणि त्याचे ग्राफ आमच्या फोनवर दाखवते. फक्त बघते, तिला काही चालू-बंद करता येत नाही. कॅमेऱ्याला आईने साफ नकार दिला होता. "माका बघीत बसतलात? मी काय सिनेमात आसंय?" असं म्हणून तिने तो विषयच मिटवला.

सकाळी पंप चालला की आमच्या तिघांच्या ग्रुपवर पेटी आपोआप निरोप टाकते: 'घर जागं झालं.' दादा ऑफिसला निघता निघता त्याच्यावर अंगठा टाकतो. साडेसातपर्यंत पंप चालला नाही तर वेगळा निरोप जातो, आणि दादा फोन लावतो. त्याची अट सरळ होती. ग्राफ व्यवस्थित आहे तोवर आई गावात राहील. ग्राफ बिघडला की बॅग भरायची. आईने मान हलवली. ती मान हलवते तेव्हा तिने ऐकलेलं असतं. कबूल केलेलं असतंच असं नाही.

पहिल्या पावसाळ्यात पेटीने मला छळलं. रोज दुपारी तिचं तापमान चढायला लागलं. तासभर चढलेलं राही, मग उतरे. मी पुण्यातून सगळं तपासलं. आत कुठला प्रोग्रॅम उगाच पळतोय का, पंखा अडकलाय का, डिस्क भरली का. काही सापडेना. ग्राफ चुकीचा दिसायला लागला की मला घास गिळवत नाही, नवरा समोर बसून बोलत असतो आणि मी हं हं करत फोनमध्ये. सगळं पुसून नव्याने घातलं. दुसऱ्या दुपारी तापमान पुन्हा चढलं. तेव्हा कुठे मला आईला विचारायची बुद्धी झाली.

"आये, पेटयेर काय ठेवतंस तू?"

"खंय काय? सुकी सुंगटां ठेवलंय. पावसात ओलसर झाली. तुझी पेटी गरम असता, म्हणान ताट वर ठेवतंय."

"अगो, ती काय चूल आसा?"

"मगे गरम कित्याक असता?"

मी फळी आणखी वर बसवून घेतली. आई स्टूल घेऊन चढायला लागली. सुंगटं, म्हणजे ती सुकी कोळंबी, गेली आणि काड्यापेटी आली, मिठाचा डबा आला, एकदा तर दादाच्या मुलीची विसरून राहिलेली चप्पल आली. शेवटी मी तापमानाचा तो ग्राफ बघणंच सोडून दिलं. यंत्राला त्रास होत नव्हता, त्रास मला होत होता.

बाकीचे ग्राफ मात्र मी आवडीने बघायची. पंपाची रेघ रोज वेगळी. कट्ट्याला, म्हणजे जवळच्या बाजारगावाला, जायचं असलं की पहाटेच पंप. मुसळधार पाऊस असला की उशीर. एखाद्या दिवशी दिवा लागायचा आणि पंप अर्धा तास नाहीच. म्हणजे आई चहाचा कप घेऊन पायरीवर बसलेली, शेजारच्या काकीशी कुंपणावरून गप्पा चाललेल्या. पुण्याच्या खुर्चीत बसून मला हे सगळं कळायचं, आणि बरं वाटायचं.

मग पाऊस संपता संपता ती एक सकाळ आली. साडेसात झाले, पंप नाही. दिवा लागलेला होता, पण पंप नाही. दादाने फोन लावला, आईने उचलला नाही. पुन्हा लावला. मला लावला. मी आईला लावला. आम्ही दोघं आपापल्या शहरांतून त्या घरात घंटा वाजवत बसलो होतो. नऊच्या सुमाराला आईने एकदाचा दादाचा फोन उचलला आणि म्हणाली, "डोळो लागलो रे परत. निजलंय."

दादा घाबरलेला होता, आणि घाबरला की तो ओरडतो. वडीलही असेच होते. किती वेळ ओरडला ते त्यालाच ठाऊक. नंतर मला फोन करून तोच सगळा पाढा पुन्हा वाचला. आणखी एकदा असं झालं तर मी गाडी घेऊन येतो आणि तिला उचलून आणतो, असं त्याने आईला सांगितलं होतं. मी म्हटलं, झोप लागली बाईला, एवढं काय? पण मलाही तिचा राग आलाच होता. माझी सकाळची मीटिंग बुडाली होती.

त्यानंतर काही दिवस दिवा-पंप जरा पुढेमागे झाले, आणि मग ग्राफ सुधारला तो सुधारलाच. सहाला दिवा. सव्वासहाला पंप. रोज. पाऊस असो, बाजार असो, एकादशी असो. दादा खूश. "बघ, ओरडल्याशिवाय सुधारत नाहीत," म्हणाला. मी वीस वर्षं ग्राफ वाचायचंच काम करते. कंपनीतल्या कुठल्याही यंत्राने इतकी स्वच्छ रेघ दाखवली तर मी आधी वायर तुटली आहे का ते बघेन. इथे मी समजून चालले की आईला शिस्त लागली. सत्तरी ओलांडलेल्या बाईला शिस्त! कपाळ माझं.

त्याच वर्षी, भात घरात येऊन झाल्यावर, आमच्या गावाची गावपळण होती. मालवण तालुक्यात काही गावांत हे आहे. दर काही वर्षांनी ग्रामदेवतेला कौल लावायचा, आणि देवाने कौल दिला की अख्ख्या गावाने गाव सोडून वेशीबाहेर जायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस, तीन रात्री. त्या काळात गाव देवाचं असतं. माणसाने तिथे पाऊल टाकायचं नाही. मग पुन्हा कौल लावायचा, देवाने हो म्हटलं तर परत यायचं, नाही म्हटलं तर आणखी मुक्काम. मुंबईला गेलेले लोकही यासाठी सुट्ट्या काढून येतात. दादाला सुट्टी मिळाली नाही. मी आले.

निघायच्या दिवशी सकाळपासून आई एकच धोशा लावून बसली होती.

"मेन स्विच बंद कर गो."

"नको. पेटी बंद पडेल."

"पडांदे. तीन दिस कोणाक बघूचा आसा?"

"आये, ग्राफमध्ये भोक पडतं. ते मला नाही चालत."

तिने कोंबड्या टोपलीत घातल्या, मांजराला पोत्यात घातलं, भांडी बांधली, आणि अंगणात आल्यावर परत, "मेन स्विच?" कुंपणापलीकडून काकीनेही सुरू केलं. काकी म्हणजे शेजारची, आईच्याच वयाची, तीही एकटी, तिचा मुलगाही मुंबईला. "बंद करूचो असता गो. सगळे करतत," काकी म्हणाली. मला वाटलं, म्हाताऱ्यांना शॉर्टसर्किटची भीती. मी दोघींसमोर इन्व्हर्टरचे दिवे दाखवले, सगळं सुरक्षित आहे म्हणून भाषण दिलं आणि कुलूप लावलं. काकीने आईकडे बघितलं. आईने आकाशाकडे बघितलं.

वेशीबाहेर, ओढ्याच्या पलीकडच्या माळावर, माडाच्या झापांच्या खोप्या उभ्या राहिल्या होत्या. आमची आणि काकीची शेजारी-शेजारी. मला हे दिवस मनापासून आवडतात. कुणाला कामधंदा नाही, तीन दगडांची चूल, मोठ्या टोपात भात, संध्याकाळी भजन, दुपारी पत्ते. फोनला मात्र खोपीत रेंज नाही. त्यासाठी वरच्या कातळावर चढून उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज म्हणून कातळावर गेले आणि फोन वाजला. 'घर जागं झालं.'

खाली दादाचा अंगठा.

आधी मला हसूच आलं. मग ग्राफ उघडला. सहाला दिवा. सव्वासहाला पंप. कुलूपबंद घरात, रिकाम्या गावात.

मी खाली दगडावर बसले आणि कामाला लागले. पहिला संशय असा की जुना निरोपच उशिरा आला असेल. नव्हता, पेटी मिनिटामिनिटाला ताजी माहिती देत होती. दुसरा संशय जास्त खरा होता. सेन्सर गप्प झाला की माझा प्रोग्रॅम शेवटचा आकडा धरून रेघ पुढे ओढत राहतो, म्हणजे दिसायला सगळं सुरळीत आणि मागे काही नाही. ती सोय मीच ठेवली होती, ती बंद केली. रेघ हलली नाही. मग सेन्सरच खोटं बोलतोय का ते बघितलं. पंप सुरू होताना क्षणभर भसकन वीज ओढतो आणि मग शांत होतो. ग्राफमध्ये तो उंचवटा येतो. तो तिथे होता, नेहमीसारखा. खोट्या आकड्यांना असला उंचवटा येत नाही. म्हणजे पंप खरंच चालला होता.

मग टाकीची रेघ बघितली. टाकी काठोकाठ भरलेली. पंप चालला तरी भरलेली, आणि त्यानंतर थेंबभरही उतरलेली नाही. पंप कुणीतरी लावला होता, पाणी मात्र कुणी वापरलं नव्हतं. चोर घरात शिरून आधी पंप कशाला लावेल?

मी खाली येऊन आईला विचारलं, "घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे. ही बघ, कमरेक."

"मग घरात पंप चालला कसा?"

"तुझ्या पेटयेक ईचार," आई म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला लागली.

आमचं बोलणं आजूबाजूला ऐकू गेलंच. माळावर झापांच्या भिंती, गुपित राहणार कुठे? म्हातारे पत्ते टाकून आले. "काय झाला?" मी सांगितलं. मग एक आजोबा म्हणाले, "गावात आता देवाचा राज्य आसा. देवाक पाणी नको? आंघोळ करूची नाय तेना?" सगळे हसले. दोन बायकांनी मात्र गावाच्या दिशेने हात जोडले. मी म्हटलं, पाच मिनिटांत जाऊन बघून येते, ओढा ओलांडला की घर. त्यावर आजोबांचं हसू मावळलं. "कौल मिळासर कोणी जावचा नाय. घर जळला तरी नाय," ते म्हणाले. मला संताप आला. मी वाद घातला असता, पण त्या माळावर सगळे आजोबांच्या बाजूचे होते, आणि खरं सांगायचं तर मीही पुण्यातून त्यांच्या रीतीसाठीच आले होते.

दिवसभर मी कातळावर येरझाऱ्या घातल्या. आई मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हती. एरवी मी उन्हात उभी राहिले की ती दहा वेळा ओरडते. त्या दिवशी तिने एकदाही हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सहाच्या आधीच कातळावर होते. सहा वाजले, दिव्याची रेघ वर गेली. मिनिटही इकडेतिकडे नाही. सव्वासहाला पंप. निरोप. 'घर जागं झालं.' थोड्या वेळाने दादाचा अंगठा.

मी त्याला फोन लावला. "दादा, आई कुठे आहे?"

"घरी. उठली ना आत्ता, बघितलं मी."

"दादा, गावपळण आहे."

फोनवर मुंबईचा रस्ता वाजत होता. मग तो म्हणाला, "अरे, हो की." आणि मग, "मग पंप कोणी लावला?"

"तेच तर मी कालपासून शोधतेय. आणि तू अंगठे टाकतोयस."

तो ओशाळला, आणि ओशाळला की तो ताबडतोब कामाला लागतो. घरात चोर आहे, मी पोलिसांना फोन करतो, कुलूप फोडून बघू देत, त्यांना कसली आली गावपळण. मी म्हटलं, थांब जरा. तो म्हणाला, थांबायचं काय त्यात, अर्ध्या तासात माणसं पाठवायला लावतो. मी धावत खाली आले.

आई आणि काकी ओढ्यावर भांडी घासत होत्या. मी म्हटलं, "दादा पोलीस पाठवतोय. कुलूप फोडायला."

काकीच्या हातातलं ताट पाण्यात पडलं. ती आईला म्हणाली, "सांग आता. सांगून टाक. आमच्या पायी गावाची पळण मोडात गो."

आईने आधी टोप विसळून पालथा घातला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "थंय कोण नाय. टायमर आसा."

"कसलो टायमर?"

"कलमांक पाणी सोडतत तसलो. कट्ट्याचो वायरमन येवन लावन गेलो. म्हणान सांगी होतंय, मेन स्विच बंद कर."

मी तिथेच पाण्यात उभी. "पण कित्याक?"

"तुमका सहाक दिवो होयो. साडेसाताच्या आत पंप होयो. मगे दिलंय तुमका."

"आणि तू खंय असतंस?"

"काकीकडे. रात्री मी तिच्याकडे निजतंय. सकाळी दोघी च्या पितो, मगे मी घराक येतंय. कधी आठाक, कधी नवाक."

मला वाटलं, एवढंच ना? यात लपवण्यासारखं काय आहे? मी तसं म्हणालेही. तेव्हा काकी म्हणाली, "तिका त्या दिसाचा सांगूक होया." आणि आईने सांगितलं नाही म्हणून काकीनेच सुरुवात केली, आणि मग आई बोलायला लागली.

त्या सकाळी आई झोपलेली नव्हती. नेहमीसारखी उठली, दिवा लावला, चहाचं आधण ठेवायच्या आधी मागच्या दारी गेली. धुण्याच्या दगडापाशी शेवाळ होतं. पाय सरकला, कमरेवर पडली. उठता येईना. हाक मारली तर आवाज कुंपणापर्यंत पोचेना.

"फोन थंयच आत ओट्यार होतो," आई म्हणाली. "वाजत होतो. वाजान वाजान गप होय, परत वाजाक लागा. माका कळत होता दादाचो आसा म्हणान. मधी तुझो आसतलो. माका आयकाक येत होता सगळा. उठाक तेवढा जमला नाय."

काकी रोज आमच्या जास्वंदीची फुलं पूजेला न्यायला येते. ती आली तेव्हा तिला आई दिसली. तिने तिला काखेत धरून उठवलं, पायरीवर बसवलं, गरम पाणी दिलं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. काकीने तो आणून आईच्या हातात दिला, आणि दादा ओरडायला लागला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला होता.

"सांगलेलंय तर बॅग भरूक लागली असती."

मला भयंकर राग आला. आईचा, दादाचा, त्या काळ्या पेटीचा, आणि सगळ्यांत जास्त त्या अंगठ्यांचा. त्या एका सकाळी ग्राफ अगदी बरोबर होता. दिवा लागला, पंप नाही. बाई पडली आहे, असं तो सरळ सांगत होता. अशाच सकाळसाठी ती पेटी बसवली होती. आम्हाला तिने खबर दिली आणि आम्ही पडलेल्या बाईवर ओरडलो. मग त्या बाईने ग्राफ दुरुस्त करून टाकला. मी ओढ्यात उभी राहून रडले. काकीने माझ्या पाठीवर ओला हात ठेवला आणि म्हणाली, "गप, गप. आता बरी आसा ती."

मग मी कातळावर जाऊन दादाला सगळं सांगितलं. पोलिसांना फोन अजून केलेला नव्हता, सुटले. तो मग म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला होता, "म्हणजे आता तर तिला आणायलाच हवं. मी उद्याच निघतो."

आई माझ्यामागोमाग वर आली होती. कमरेवर हात ठेवून, धापा टाकत. तिने माझ्या हातातला फोन घेतला.

"मुंबयक इलंय असा धर," ती म्हणाली. "तुम्ही दोघा सकाळी कामार जातलात. चेडू शाळेत. मी थंय न्हाणीत पडलंय, तर थंय कोण फुला काढूक येतलो?"

दादाच्या इमारतीत समोरच्या दारात कोण राहतं ते त्याला माहीत नाही. तो कधी नाकारतही नाही. खाली माळावर कुणाची तरी गाय सुटली होती आणि पोरं तिच्यामागे पळत होती. आई फोन कानाला लावून ती गंमत बघत उभी राहिली. शेवटी दादाने मला फोन द्यायला सांगितलं.

"काकींचा नंबर दे," तो म्हणाला.

माझ्याकडे नव्हता. पेटी होती, सेन्सर होते, टाकीत किती पाणी आहे ते मला पुण्यात कळत होतं, आणि कुंपणापलीकडच्या बाईचा नंबर आम्हा दोघांपैकी एकाकडेही नव्हता. मी वरून काकीला हाक मारून विचारलं. तिलाही तो तोंडपाठ नव्हता. ती फोन घेऊन कातळावर आली, माझा नंबर दाबला आणि मिस्ड कॉल दिला. "ह्यो घे," म्हणाली.

कौल पहिल्याच खेपेला मिळाला. घरी आलो तर न्हाणीघरामागे चिखल झाला होता, तीन सकाळी टाकी भरून वाहिली होती, आणि त्या पाण्यावर अळू नुसतं माजलं होतं. आजोबा मुद्दाम वाकडी वाट करून बघायला आले. "देवाची आंघोळ बरी झाली," म्हणाले. टायमरचं आईने कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. मी स्विचबोर्डाचं झाकण काढून तो छोटा पांढरा ठोकळा सोडवला. आईने तो हातातून काढून घेतला. वायरमनला पैसे दिलेत, कलमांना लावीन, म्हणाली.

पेटी मी तशीच ठेवली. साडेसातचा निरोप काढून टाकला. पंपाची रेघ पुन्हा वेडीवाकडी झाली आहे, आठाला, नवाला, कधी दहालाही. फळीवर सध्या आमसुलं असावीत, तापमानावरून वाटतं. दादाने काही महिने कुरकुर केली, एकदा येऊन धुण्याच्या दगडापाशी खडबडीत लाद्या बसवून गेला. बॅगेचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही. रोज सकाळी काकीचा मिस्ड कॉल येतो, एकच घंटा. आधी मला, मग दादाला. म्हणजे दोघींचा चहा झाला. कधी लवकर, कधी उशिरा; काकीला मी वेळ घालून दिलेली नाही, माझी हिंमतही नाही.

परवा सकाळी ती घंटा आली ती आईच्या फोनवरून. मी घाबरून लगेच उलट फोन केला.

"बरी आसंय मी," आई म्हणाली. "काकीक ताप आसा. काल रातीपासून उठाक जमणा नाय तिका. म्हणान आज मी वाजवलंय. रिक्षा सांगलंय, कट्ट्याक डॉक्टराकडे नेतंय."

"मी येऊ का?"

"तू येवन काय करतलंस? मी आसंय मगे." मग तिने आवाज खाली आणला, काकी शेजारीच निजलेली असणार. "आणि आयक. तिच्या झिलाक काय कळवू नको हां. तो बॅग भरूक लावतलो."

"माझ्याकडे तिच्या मुलाचा नंबर नाही, आये."

"बरा आसा," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.